जावयाच्या नावाने पुकारलेला लॅपटॉप

ही गोष्ट २०२३ सालची. बैलांचा सण बेंदूर आठ दिवसांवर आला होता, पेरण्या खोळंबल्या होत्या, आणि लीलाबाई निकमांच्या गिरणीत दळणाचे डबे नेहमीपेक्षा कमीच होते. विट्याच्या पलीकडच्या त्या गावात पिठाची गिरणी ही एकच. नवरा पलटणीतून हवालदार होऊन घरी आला आणि तीन वर्षांत गेला. तेव्हापासून बावीस वर्षं लीलाबाईंनी ती गिरणी चालवली आणि तिच्यावर एकुलत्या एका मुलीला शिकवलं.

मुलीचा, शिवांजलीचा, सासरहून फोन आला तेव्हा गिरणीचा पट्टा चालू होता.

"आई, येत्या रविवारी ये. आप्पामामाला संगं घेऊन ये."

"का गं? बरी हायस न्हवं?"

"बरी हाय. लॅपटॉपचं बसून ठरवायचंय म्हणत्यात."

"लॅपटॉपचं काय बसून ठरवायचं असतंय?"

"माझं काम टॅबवर भागतंय का न्हाई, ते. भागत असंल तर लॅपटॉप वीरधवल भावजींना द्यायचा."

लीलाबाईंनी पट्टा बंद केला. "तुझा लॅपटॉप? त्यांना कशाला?"

 शिवांजली म्हणाली, "आई, तो माझा हाय, हे इथं कुणाला ठावं हाय?"

लॅपटॉप मुलीचा, हे लीलाबाईंना चांगलंच ठाऊक होतं. तिच्या सासरी कुणाला ठाऊक नाही, ही त्यांचीच करणी होती.

शिवांजलीने सांगलीत राहून बांधकामाचा डिप्लोमा केला होता. विश्रामबागेत मगदूम नावाच्या इंजिनिअरच्या ऑफिसात ती नकाशे काढायची. जागेवरून कुणीतरी कच्ची मापं आणायचं आणि ही त्यातून अख्खं घर उभं करायची. पाया, भिंती, जिना, वरचा मजला, बाजूने कसं दिसेल, उभं कापलं तर कसं दिसेल, किती चौरस फूट भरेल, असं सगळं एका मोठ्या कागदावर. त्या कागदावर शिक्का बसल्याशिवाय घराला कुदळ लागत नाही. दोन वर्षांच्या पगारातून राखून राखून तिने लॅपटॉप घेतला. साधा नव्हे, नकाशाच्या कामाला लागतो तसला, जड आणि मोठ्या पडद्याचा. लग्न ठरलं तेव्हा मगदूम म्हणाले, "जा खुशाल. घरून काम कर. तुझ्यासारखी रेघ माझ्याकडे दुसऱ्या कुणाची नाही." पाटणच्या अलीकडच्या पानस्करांचं स्थळ होतं. नदीकाठचा ऊस, थोरला मुलगा विश्वजित पलटणीत, धाकटा घरी. सून घरात बसून कमावते, याला त्यांची ना नव्हती.

अडचण लग्नात झाली, आणि ती आहेराची होती.

त्या भागात लग्नातला आहेर पुकारण्याची रीत फार जुनी. माइक नव्हते तेव्हा मांडवात एक खड्या आवाजाचा माणूस उभा राहायचा. लीलाबाईंच्या स्वतःच्या लग्नात त्यांच्या चुलत्याने पितळी हंडा पुकारला होता, आणि त्या हंड्याचं नाव पुढे दहा वर्षं निघत होतं. कुणी सायकल दिली, कुणी मनगटी घड्याळ दिलं, ते आठ गावांना कळायचं. कुणी काही दिलं नाही, तेही कळायचं. पुढे माइक आले, पण पुकारणं तेच राहिलं. त्यातही एक होतं. नवरीला दिलेली वस्तू कुणी पुकारत नसे. पुकारा व्हायचा तो जावयाला दिलेल्या वस्तूचा.

आणि शिवांजलीचा मामा गलाईवाला. विट्याकडची माणसं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या या धंद्यापायी सगळ्या देशात पांगलेली. लीलाबाईंचा धाकटा भाऊ आप्पासो पंचवीस वर्षं तिकडे तामिळ मुलखात होता. गलाईवाल्या मामाच्या भाचीचं लग्न म्हटल्यावर मांडवात कान टवकारूनच बसतात. पण टाळेबंदीत आप्पासोचा धंदा बसला होता. गावात कुणाला पत्ता नव्हता. हळदीच्या दिवशी दुपारी तो आला तो एक सफारीचं कापड आणि स्टीलचा डबा घेऊन. गोठ्यामागे बहिणीपुढे उभा राहून म्हणाला, "अक्का, हे माइकवर पुकारलं तर मी ह्या गावात पुन्हा पाय ठेवनार न्हाई."

लीलाबाईंनी रात्रभर विचार केला नाही, तासभरही केला नाही. दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्यावर त्यांनी माइकवाल्याच्या हातात चिठ्ठी दिली. तो गरजला, "नवरीचे मामा, गलाई व्यावसायिक आप्पासो यांच्याकडून जावईबापू विश्वजित यांना लॅपटॉप!" मांडवात टाळ्या पडल्या. आप्पासोने फेटा सावरला. मुंडावळ्यांतून शिवांजलीने आईकडे पाहिलं. आईने डोळ्यांनीच गप्प केलं. नंतर खोलीत साडीची घडी घालताना म्हणाल्या, "नुसतं पुकारायचं तर होतं. कुनी काढून घेतंय व्हय? तुझं तुझ्यापाशीच राहनार."

लग्नाला सहाच महिने झाले होते.

रविवारी सकाळच्या एस.टी.ने बहीणभाऊ निघाले. विट्याहून कराड, कराडहून पाटणची गाडी. आप्पासो आता विट्यात एका सराफाच्या दुकानात बसायचा. दागिना उजळून द्यायचा. टोपी मात्र कडक इस्त्रीची होती. कडेगाव मागे पडलं. मग लीलाबाईच म्हणाल्या, "आप्पा, आज खरं सांगावं लागंल."

"काय खरं?"

"लॅपटॉप पोरीच्या पगारातला हाय म्हनून."

आप्पासो खिडकीबाहेर पाहू लागला. "सांग की. मी कराडलाच उतरतो. तू म्होरं जा आन् सांग, माझा भाऊ भिकारी हाय, भाचीच्या वस्तूवर त्यानं टाळ्या घेतल्या."

"तसं कुठं म्हनतीय मी?"

"त्याचा अर्थ दुसरा काय व्हतोय, अक्का?" मग तोच नरमला. "आगं, टॅबवर तिचं काम होत न्हाई, एवढं सिद्ध झालं की बास. विषय मिटला. माझं नाव कशाला काढायचं त्यात?"

लीलाबाईंना ते पटलं. खरं म्हणजे त्यांना पटवूनच घ्यायचं होतं.

पानस्करांचं घर रस्त्यालगत होतं. स्लॅबचं, पुढे पत्र्याची शेड. सोप्यात शिवांजलीचे सासरे कोंडीबा, सगळे त्यांना आबा म्हणत, तक्क्याला टेकून बसले होते. सासू मंगल दारातूनच म्हणाली, "या विहीणबाई. गिरनी बंद ठेवून आलासा? गावाला भाकरी मिळंल का आज?"

"एक दिस भात खातील की," लीलाबाई म्हणाल्या, आणि सगळे हसले. सुरुवात अशी गोड झाली.

पाणी घ्यायच्या निमित्ताने लीलाबाई आत गेल्या. शिवांजली चहाचं आधण ठेवत होती. वाळली होती, पण डोळे ठाम होते.

"आई, नीट ऐक. टॅब वाईट न्हाई. त्याच्यावर नकाशा उघडतो. एखादी खिडकी सरकवायची, दाराचं माप बदलायचं, एवढं होतं. पण अख्खं काम न्हाई व्हत. ऑफिसच्या फायली त्यात नीट उघडत न्हाईत, पडदा वितभर, मोठा कागद छपाईला लावता येत न्हाई. भाजी चिरायच्या सुरीनं ऊस तोडायला लावल्यागत हाय ते."

"मग तसंच सांग त्यांना."

"महिना झाला सांगतीय. त्यांना वाटतंय, सून अडून बसलीया. म्हणून तर बैठक. मी टॅबवर करून बघनार, जमलं न्हाई की न्हाई म्हणनार. तेवढ्यावर नाही भागलं तर तू सांग की लॅपटॉप माझ्या पैशाचा हाय. मी म्हणलं तर उलटून बोलली असं व्हतंय. तू म्हणलीस तर कुनी काय बोलनार न्हाई. सांगशील न्हवं?"

"सांगीन की."

"मामा हाय म्हणून गप बसशील."

"न्हाई बसत," लीलाबाई म्हणाल्या. त्या क्षणी त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं.

बैठक सुरू झाली. धाकटा दीर वीरधवल पंचविशीतला, दाढी कोरलेली, बोलायला गोड. तो लग्नांचं शूटिंग करायचा. वर उडवायचा कॅमेरा त्याने नवीन घेतला होता, आणि ती चित्रं जोडायला, त्यावर गाणी बसवायला त्याला ताकदीचा संगणक हवा होता. टॅब त्याचाच. त्याने तो उशीला टेकवून उभा केला आणि त्यावर थोरल्या भावाला व्हिडिओ कॉल लावला. विश्वजित तेव्हा राजस्थानात होता. पडद्यावर त्याचा चेहरा आला, मागे तंबूची कनात.

"रामराम मामा! रामराम आई!" विश्वजित म्हणाला. "माझ्याकडं वीस मिनिटं हायती. लवकर आवरा."

"बघा," वीरधवल म्हणाला, "दोन हजार किलोमीटरवरचा मानूस ह्या टॅबवर सोप्यात येऊन बसला. आन् वहिनीचं घर बसत न्हाई म्हणं ह्यात!"

आबा खदखदून हसले. "आरं, तिचं घर विटंचं असतंय रं."

"आवं आबा, आता डॉक्टर टॅबवर, कलेक्टर टॅबवर. कीबोर्डसुद्धा जोडून देतो मी. नि ही बघा लेखणी. माझ्या कामाला मात्र टॅब न्हाई चालत. ह्या सीझनला सोळा लग्नं हातात हायती."

"भावजी, माझ्यापण हातात सात घरं हायती," शिवांजली पदर सावरत म्हणाली. "ह्यावर एक पुरं होनार न्हाई."

"तुला येत न्हाई का व्हत न्हाई?" मंगलने विचारलं. आवाज साधाच होता. सुपारी कातरत होती ती. "न्हाई, सगळं टॅबवर व्हतंय असं ह्यो म्हणतोय. मग व्हत न्हाई म्हंजे येत नसंल. त्यात काय, शिकायला लागतं एकेकाला. आमच्या भावकीतल्या अंकितानं म्हनं आठ दिसात शिकून घेतलं."

लीलाबाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"येतंय आत्या," शिवांजली शांतपणे म्हणाली, "पन..."

"येतंय तर मग आमची माडीवरची खोली काढून दाखव," आबा म्हणाले. "दिवाळीनंतर बांधायचीच हाय. दहा बाय बारा."

शिवांजलीने टॅब मांडीवर घेतला. वीरधवलने तिचा पडदा विश्वजितलाही दिसेल असं केलं, आणि त्याचा चेहरा एका कोपऱ्यात गेला. तिने लेखणी उचलली, एक रेघ ओढली, थांबली. रेघ जरा तिरकी गेली होती. तिने ती पुसली नाही. "बघा, असं व्हतं," ती म्हणाली. "हाताखाली सरकतंय."

मंगलने अडकित्ता खाली ठेवला. "असू दे बाई. मगदूम साहेब भला मानूस दिसतोय. तिरक्या रेघांचापन पगार देतोय."

कुणीतरी फिस्सकन हसलं. आप्पासोसुद्धा पाहुण्यासारखा हसला.

आणि लीलाबाईंचा तोल गेला. बावीस वर्षं पिठात माखून जी पोर त्यांनी उभी केली, तिला या सोप्यात चारचौघांत येत नाही असं म्हटलं गेलं होतं. पुढचं-मागचं काही त्यांना सुचलं नाही.

"विहीणबाई, माझ्या पोरीच्या हातची रेघ तिरकी आजवर कुनी बघितली न्हाई! सांगलीत पैला नंबर हाय तिचा. शिवा, काय खेळ लावलायस? नीट काढून दाखव ह्यांना!"

शिवांजलीने मान वर करून आईकडे पाहिलं. त्या बघण्याचा अर्थ लीलाबाईंना कळायला हवा होता. त्यांना तेव्हा फक्त मंगलचा अडकित्ता दिसत होता.

"काढ म्हनते न्हवं!"

शिवांजलीने खाली मान घातली आणि काढायला सुरुवात केली. तिरकी रेघ पुसली. बोटांनी पडदा मोठा करत, लहान करत, लेखणीने भिंती ओढत गेली. जिन्याच्या पायऱ्या मोजून मांडल्या. पूर्वेला खिडकी, पश्चिमेला दार, दार उघडल्यावर किती जागा घेतं त्याची पाव गोलाई. दहा मिनिटं सगळे तिच्या लेखणीवर डोळे लावून बसले. विश्वजितसुद्धा "अरे वा" म्हणून पाहत राहिला. शेवटी तिने टॅब आबांपुढे धरला. आबांनी बोट लावलं तशी खिडकी एकदम मोठी होऊन समोर आली, आणि म्हातारा लहान पोरासारखा हरखला.

"आगं, ही तर आपली खोली! मंगल, बघ, हितनं पाटणचा डोंगर दिसंल."

"झ्याक," मंगल म्हणाली. "लय झ्याक काढलीस गं. उगी न्हाई न्हाई म्हणत व्हतीस."

लीलाबाईंची छाती फुगली. ती क्षणभरच फुगली, कारण लगेच आबा म्हणाले, "मग झालं की. टॅबवर भागतंय. मिटला इशय."

शिवांजली म्हणाली, "आबा, ही एक खोली हाय. मला चार मजले..."

"एक जमली तर चार जमतील की. जरा येळ लागंल."

तिने पुन्हा आईकडे पाहिलं. या वेळी लीलाबाईंना कळलं. त्यांनी घसा साफ केला. "पन लॅपटॉप... तसं बघितलं तर त्यो शिवाचा..."

"शिवाचा कसा?" मंगल म्हणाली. "आमी काय भैरे हाय व्हय? माइकवर पुकारलाय की जावयाला म्हणून."

पडद्यातून विश्वजित हसत म्हणाला, त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, "आसं करा, मामांनाच इचारा. मामा, तुमी दिलाय. तुमीच सांगा, कुनाला दिलावता?"

आप्पासोने टोपी काढली, पुन्हा घातली. बहिणीकडे पाहिलं. लीलाबाईंना त्याच्या टोपीच्या काठावरचा घामाचा डाग दिसला. लहानपणी हाच भाऊ त्यांच्या कडेवर बसून शाळेत आला होता.

"जावईबापूंनाच," आप्पासो म्हणाला.

"झालं तर," विश्वजित म्हणाला. "मग मी वीरूला देतो. आपल्या घरातच ऱ्हातोय."

  चहाचे कप गोळा करायच्या निमित्ताने लीलाबाई उठल्या.

परतताना शिवांजली रस्त्यापर्यंत सोडायला आली. आप्पासो पुढे झाडाखाली जाऊन उभा राहिला.

"मला वाटलं, तुला येत न्हाई म्हणतील लोकं," लीलाबाई म्हणाल्या.

"म्हणू द्यायचं होतं. येत न्हाई म्हणून घेऊन माझं काम वाचत व्हतं, आई. एका सुपारीच्या खांडाएवढा अपमान व्हता तो. तुला तेवढा सोसला न्हाई."

"मी परत येऊन सांगते. आप्पा नसताना."

"नगं. आता सांगितलंस तर म्हणतील, पोर रडली म्हणून आई बनवून सांगती." गाडी येताना दिसली. शिवांजलीने वाकून आईच्या पायाला हात लावला. "तुझं काय चुकतं सांगू? तुला माझी अब्रू लय वाटते. माझं काम वाटत न्हाई."

लीलाबाई पदराने डोळे पुसत गाडीत चढल्या. गाडीतल्या बाईने विचारलं तेव्हा त्यांनी डोळ्यांत धूळ गेल्याचं सांगितलं.

पुढचे चार महिने शिवांजलीने टॅबवर खरोखर जीव काढला. कीबोर्ड जोडला, चष्मा लागला, मान आखडली. तिने काही नकाशे अर्धे हाताने कागदावर काढून पाठवले. लॅपटॉपवर आठ दिवसांत व्हायचं ते घर टॅबवर महिन्याने व्हायचं, आणि तेही मगदूमांच्या ऑफिसात कुणीतरी पुन्हा जुळवायचं. आधी सातांची चार घरं झाली, मग दोन. मग फक्त दुरुस्त्या यायला लागल्या, हे दार डावीकडे घ्या, तो संडास सहा इंच सरकवा. दसऱ्यानंतर तेही थांबलं.

लीलाबाई गिरणीला कुलूप लावून सांगलीला गेल्या. मगदूम साठीचे, हळू बोलणारे. त्यांनी खुर्ची दिली.

"मावशी, तिने मला आधी सांगितलं असतं तर ऑफिसचा एक जुना संगणक मी पाठवला असता. पण ती म्हणायची, जमेल सर, थोडा वेळ द्या."

"जमेल म्हणायची?"

"हो. हुशार माणसाचं हे असं होतं. टॅबवर काम बघता येतं, मावशी. करता येत नाही. आता मी दोन मुलं घेतलीत तिच्या जागेवर. त्यांना काढू कसं?"

जमेल म्हणायला तिला कुणी शिकवलं, ते लीलाबाईंनी त्यांना सांगितलं नाही.

दिवाळीच्या पाडव्यानंतर त्या एकट्याच पाटणला गेल्या. या वेळी शिवांजलीला न विचारता. सोप्यात मंगल करंज्यांचा डबा भरत होती. लीलाबाईंनी उभ्यानेच सगळं सांगितलं. लॅपटॉप कुणाच्या पगारातला, माइकवाल्याला चिठ्ठी कुणी दिली, भाऊ नुसतं सफारीचं कापड आणि स्टीलचा डबा घेऊन आला होता ते.

मंगलने ऐकून घेतलं. रागावली नाही. तसली ती बाईच नव्हती. म्हणाली, "असंल की, विहीणबाई. खोटं कशाला बोलाल तुमी. पन आता त्या लॅपटॉपवर वीरूचा धंदा बसलाय. आन् तुमची पोरपन आता घरात रमलीया. मला हाताखाली झालं. ऱ्हाऊ द्या." मग करंजी पुढे करत हळूच म्हणाली, "मामा एवढा गलाईवाला, मला तवाच वाटलं व्हतं. माझ्या पोराला दिलेलं सफारीचं कापड लय हलकं व्हतं."

आतल्या दारात शिवांजली उभी होती. ती आत वळली. आईचा चहा मात्र तिने स्वतः न आणता शेजारच्या पोरीकडून पाठवला.

वीरधवलने त्या लॅपटॉपवर दोन हंगाम काढले. महाबळेश्वरला एका लग्नाच्या शूटिंगला लॅपटॉप पावसात उघडा राहिला, आत पाणी गेलं, आणि मग तो भंगारात गेला. तोवर त्याने कराडला स्टुडिओ टाकला होता. आता त्याच्याकडे तीन संगणक आहेत. वहिनीला एक देण्याचं त्याने एकदा म्हटलं होतं. ते म्हणण्यावरच राहिलं.

टॅब मंगलकडे आला. ती त्यावर मालिका बघते आणि माहेरच्यांशी बोलते. गुडघेदुखीने एका जागी बसून असते, पण घर अजून तिच्याच शब्दावर चालतं.

आबांची माडीवरची खोली झाली. गवंड्याने ती शिवांजलीच्या चित्राप्रमाणेच बांधली. ते वर्षभर तिथे झोपले आणि २०२५ च्या थंडीत झोपेतच गेले. विश्वजित हवालदार झाला. अजून चार वर्षांची नोकरी आहे. झालं ते चूक झालं असं तो सुट्टीवर आला की बायकोला म्हणतो, आणि सुट्टी संपली की जातो.

आप्पासोची गोष्ट मंगलकडून पाटणला, पाटणहून कराडला, आणि तिथून विट्यालाही पोचली. सराफाने त्याला काढलं नाही, पण तो आपणच गेला, पुन्हा तामिळ मुलखात, दुसऱ्याच्या भट्टीवर. बहिणीला राखीला फोन करायचा, तो त्याने बंद केला.

मगदूमांनी ऑफिस मुलाकडे दिलं. तिकडे शिवांजलीच्या रेघेची आठवण आता कुणी काढत नाही.

शिवांजलीला मुलगी झाली. मुलगी दीड वर्षाची झाल्यावर ती नवारस्ता गावातल्या एका ऑनलाइन केंद्रात बसायला लागली. लोकांचे दाखले, अर्ज, फोटो. तिथे तिच्यापुढे मोठा पडदा आहे, माउस आहे, आणि भरायला चौकोन आहेत. लोक तिला मॅडम म्हणतात. नकाशाचं काम तिने पुन्हा मागितलं नाही. तीन वर्षांत सगळं बदललं, आता हात बसणार नाही, असं ती म्हणते.

लीलाबाईंची गिरणी चालू आहे. दर रविवारी दुपारी मुलीचा फोन येतो. ती आईला गुडघ्यांचं विचारते, औषध घेतलं का विचारते, नातीला दोन शब्द बोलायला लावते. लीलाबाई विचारतात, "काम कसं चाललंय?"

"चाललंय," शिवांजली म्हणते. आणि फोन पुन्हा मुलीच्या कानाला लावते.